समुद्राचे पहिले पुस्तक

पुस्तके सुचविणे हा प्राध्यापकाच्या पेशाला चिकटलेला एक बिनपगारी जोडधंदा आहे. वधूवरसूचक मंडळाच्या चिटणिसाकडे लोक ज्या विश्वासाने येतात त्याच विश्वासाने ते आमच्याकडे येतात, आणि पुढे संसार नीट झाला नाही तर बोलही तसाच लावतात. मुलाचे इंग्रजी सुधारेल असे पुस्तक, आजारी आईला वाचून दाखविता येईल असे पुस्तक, व्याह्यांना साठीशांतीला देता येईल असे पुस्तक, अशा मागण्या जळगावात राहून मी गेली पंचवीस वर्षे पुरवीत आलो आहे. परंतु गेल्या पौषात धुळ्याहून माझ्या वडील बंधूंची जी मागणी आली ती या सर्वांहून निराळी होती.

“बापू,” नाना टेलिफोनवर म्हणाले, “समुद्रातले मासे घरी पाळावे म्हणतो. खाऱ्या पाण्यातले. त्या विषयावरचे पहिले पुस्तक कोणते घ्यावे ते तू ठरव. पुस्तकातले तुला कळते.”

नानांनी चांगले पुस्तक मागितले नव्हते, पहिले पुस्तक मागितले होते. आणि या दोहोंत फार अंतर आहे. दुसरे पुस्तक वाईट निघाले तर पहिले त्याचा कान धरू शकते. पहिल्याचा कान धरणारे कोणीच नसते. शिवाय त्यात एक गंमतीची अडचण अशी, की ज्याला पहिले पुस्तक निवडता येते त्याला त्याची गरज उरलेली नसते, आणि ज्याला गरज असते त्याला ते निवडता येत नाही. म्हणून माणसे ते दुसऱ्याकडून निवडून घेतात. येथे तो दुसरा मी होतो, आणि मासा व माझा संबंध आमच्या सोवळ्या घराण्यात पाठ्यपुस्तकातील चित्रापलीकडे कधी गेला नव्हता.

नानांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. पाणी अडविणे, मोजणे आणि वाटणे यापलीकडे त्यांना दुसरा छंद म्हणून माहीत नव्हता. वहिनी गेल्याला त्या वेळी चौदा महिने झाले होते. दोन्ही मुलगे परदेशी. देवपुरातल्या त्या प्रशस्त घरात नाना एकटे. लग्नानंतर पहिल्यांदा मुंबईस गेले असता दोघांनी मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले होते. १९५१ साली उघडलेले ते मत्स्यालय आमच्या पिढीच्या मुंबईदर्शनात राणीच्या बागेइतकेच ठरलेले असे. काचेमागच्या त्या निळ्या उजेडापुढे वहिनी किती वेळ उभ्या राहिल्या हे नाना आम्हांला पूर्वी चेष्टेने सांगत. आता ते सांगत नाहीत. शेजाऱ्यांनी सुचविले, की एवढीच हौस असेल तर गोड्या पाण्यातले सोनमासे पाळा, त्यांना फारसा व्याप नसतो. नाना एवढेच म्हणाले, “तिने पाहिले ते हे नव्हेत.”

धुळ्यापासून मुंबई रस्त्याने सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. आमच्या पांझरेचे पाणी तापीला मिळते आणि तापी ते सुरतेपाशी समुद्राच्या हवाली करते; म्हणजे खानदेश समुद्राला वर्षानुवर्षे देतच आला आहे. त्यातला ओंजळभर समुद्र परत मागण्याचा नानांचा विचार मला अन्यायाचा वाटला नाही. मात्र हा समुद्र पुस्तकातून यावयाचा होता, आणि ते पुस्तक मला शोधावयाचे होते.

प्रत्येक माणूस परक्या प्रांतात आपल्या ओळखीच्या दाराने शिरतो. मी इंग्रजी वाङ्मयाच्या दाराने शिरलो. १८४६ साली ॲना थिन नावाच्या एका बाईंनी डेव्हनच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले, आणि मोलकरणीकरवी समुद्राचे पाणी खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतवून, त्यात हवा खेळवून, ते जगविले. पुढे फिलिप हेन्री गॉस या सृष्टिशास्त्रज्ञाने १८५४ साली ‘दि ॲक्वेरियम’ हा ग्रंथ लिहिला. खाऱ्या पाण्याच्या काचपेटीचे खऱ्या अर्थाने पहिले लोकप्रिय पुस्तक हेच. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी साधे मीठ, एप्सम सॉल्ट आणि आणखी दोन क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल तयार करण्याची कृतीही गॉसने त्याच सुमारास प्रसिद्ध केली. धुळ्याच्या माणसाला याहून अधिक काय हवे?

परंतु त्या ग्रंथाची उत्तरकथा मला ठाऊक होती, कारण गॉसच्या मुलाचे, एडमंड गॉसचे, १९०७ सालचे ‘फादर अँड सन’ मी वर्गात अनेकदा शिकविले आहे. बापाच्या पुस्तकांनी साऱ्या इंग्लंडला काचपेट्यांचे वेड लावले. शिक्षक, पाद्री, कुलीन स्त्रिया हातांत बरण्या घेऊन किनाऱ्यावर लोटल्या, आणि युगानुयुगे अस्पर्श राहिलेली खडकांतली कुंडे थोड्याच वर्षांत ओसाड झाली. मुलाने हे फार हळहळून लिहिले आहे. बापाचा हेतू सृष्टीचे कौतुक करण्याचा होता. फळ निराळे आले. पहिले पुस्तक केवळ वाचकाला बिघडविते असे नाही, ते किनाराही उजाड करू शकते.

त्याच कथेतली आणखी एक गोष्ट मला या वेळी आठवत राहिली. १८५७ सालच्या फेब्रुवारीत गॉसची पत्नी कर्करोगाने वारली. त्याच वर्षी तो आठ वर्षांच्या मुलाला घेऊन डेव्हनच्या किनाऱ्यावरच्या गावी राहावयास गेला. बापलेक ओहोटीच्या वेळी खडकांतून हिंडत, पाण्यात वाकून पाहात. १८६० साली ब्रिटिश समुद्रफुलांवरचा आणि प्रवाळांवरचा त्याचा मोठा ग्रंथ पुरा झाला. विधुर माणसाने समुद्राच्या कुंडात डोकावण्याची ही कल्पना नानांच्या आधी कोणाला सुचली होती हे पाहून मला एक प्रकारचा धीर आला.

गॉस अर्थातच नानांना देण्यासारखा नव्हता. मत्स्यपालनाच्या पुस्तकांना पंचांगाप्रमाणे वर्ष पाहूनच हाती धरावे लागते. शेक्सपिअरवरचे शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तक आजही उपयोगी पडेल, येथे तीस वर्षांपूर्वीचा सल्ला मासा मारील. एके काळी खडी अंथरून तिच्याखालून पाणी खेळविणे आणि वर पांढरीशुभ्र मेलेली पोवळी शोभेसाठी मांडणे ही रीत होती. १९६१ साली इंडोनेशियातील ली चिन एंग या गृहस्थांनी आपली निराळी रीत प्रसिद्ध केली: समुद्रातला सूक्ष्म जिवांनी भरलेला सच्छिद्र खडकच टाकीत ठेवायचा आणि पाणी शुद्ध करण्याचे काम त्याच्यावर सोपवायचे. तिचे महत्त्व जगाला पटावयास पुढे कित्येक वर्षे जावी लागली. म्हणून जे पुस्तक खडकाविषयी गप्प आणि खडीविषयी बोलके, ते मी बाजूला ठेवू लागलो.

काही पुस्तके मुंबईहून मागविली, काही जुनी मिळविली. टेबलावर दहाबारा जमली तेव्हा मी परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासावयास बसतो तसा बसलो. विषय कळत नसला तरी पुस्तक खरे बोलते की नाही हे ओळखण्याच्या काही खुणा असतात. मी एकच गोष्ट पाहू लागलो: पहिला मासा कितव्या पानावर येतो? वाईट पुस्तकात तो मुखपृष्ठापासूनच हजर असतो आणि पान उलटावे तसा अधिक रंगीत होत जातो. चांगल्या पुस्तकात तो लवकर येतच नाही. आधी येते पाणी, मग मीठ, मग पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव, आणि मग प्रतीक्षा.

हे प्रतीक्षेचे प्रकरण मी नानांसाठी दोनदा वाचले. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो माशालाच विषासारखा. एका जातीचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते पुष्कळच सौम्य. हे जीवाणू टाकीत वस्ती करीपर्यंत साधारण चार ते सहा आठवडे जातात. तोवर टाकीत मासा सोडणे म्हणजे चूल पेटण्यापूर्वी पंगत बसविणे. ज्या पुस्तकाने हे सांगितले नाही, किंवा शेवटच्या परिशिष्टात ढकलले, त्याला मी नापास केले.

शेवटी तीन उरली. मार्टिन मो यांचे १९८२ सालचे ‘दि मरीन ॲक्वेरियम हँडबुक’: लेखक स्वतः समुद्री माशांची पैदास करणारा, बोलणे अनुभवाचे, परंतु वय झालेले. मायकेल पॅलेटा यांचे १९९९ सालचे ‘दि न्यू मरीन ॲक्वेरियम’: आटोपशीर, पायरीपायरीने हात धरून नेणारे. आणि रॉबर्ट फेनर यांचे १९९८ सालचे, पुढे सुधारून वाढविलेले, ‘दि कॉन्शन्शस मरीन ॲक्वारिस्ट’. सदसद्विवेक हा शब्द शीर्षकातच घालणारे मत्स्यपालनाचे पुस्तक पाहून मी थबकलो. बंदिवासात कोणती जात किती तगते याची प्रतवारी या गृहस्थांनी लावलेली आहे, आणि काही सुंदर माशांपुढे सरळ लिहिले आहे की हा विकत घेऊ नका.

मनात मी याचीच निवड करून चुकलो होतो. पण त्यात एका माशाविषयी वाचले आणि हात अडखळला. मँडरिन नावाचा एक लहानसा मासा आहे. निळ्यावर नारिंगी वेलबुट्टी काढलेला असा, की पैठणीच्या पदरावरून उतरला असावा. तो बहुधा खडकावरचे सूक्ष्म जिवंत कीटकच खातो. पुढे टाकलेल्या अन्नाला तो सहसा तोंड लावीत नाही. नव्या टाकीत ते कीटक पुरेसे नसतात. आणि मग भोवती अन्न पडलेले असता तो आठवडे-आठवडे झिजत जाऊन मरतो.

वहिनींना शेवटचे दोन महिने अन्न गिळवत नव्हते. नाना रोज नवे काही करवून आणीत. ताट पुढे असे, आणि त्या ताटाकडे पाहून हसत.

मी पुस्तक मिटले. टेबलाच्या दुसऱ्या कडेला एक गुळगुळीत, रंगीबेरंगी पुस्तक पडलेले होते. आठवड्याभरात समुद्र घरी आणून देण्याची हमी त्याने मलपृष्ठावर दिली होती. त्यात कोणीही मरत नव्हते. वाटले, हेच द्यावे. शोकात असलेल्या माणसाला आपण खरी पत्रेसुद्धा दाखवीत नाही; मग हे का दाखवावे? एका माणसाला चार महिने सुखाचे जातील, एवढे पुस्तकाकडून पुष्कळ झाले.

हा विचार मजजवळ दोन दिवस राहिला. तिसऱ्या दिवशी त्याचा खोटेपणा मला दिसू लागला. मासे काही ते पुस्तक वाचणार नव्हते. पुस्तकाने लपविलेले मरण टाकीत यावयाचेच, आणि ते येईल तेव्हा रात्री अकरा वाजता नाना काचेपुढे एकटे असतील, पुस्तकाचे एकही पान त्यांच्याशी बोलणार नाही. ज्याने आधी सांगितलेले नसते त्याच्याकडे त्या वेळी जाता येत नाही. डॉक्टरांच्या बाबतीत हे नानांनी भोगले होते. एका मोठ्या डॉक्टरांनी शेवटपर्यंत “उत्तम प्रगती आहे” एवढेच सांगितले. नानांचा राग वहिनींच्या जाण्यावर नव्हता; आपल्याला तयारीला वेळ दिला नाही, यावर होता.

रंगीत पुस्तक मी पुतण्याच्या लहान मुलीला चित्रे कापावयास देऊन टाकले.

तथापि फेनरसाहेबांचे पुस्तक खानदेशासाठी लिहिलेले नाही. त्यांच्या पुस्तकाला एक खानदेशी समास जोडणे आवश्यक होते. तो मी वेगळ्या वहीत लिहिला, आणि तो लिहिताना मला प्रथमच वाटले, की पुस्तक निवडणाऱ्याचे काम निवडीपाशी संपत नाही. समुद्राच्या एका लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार. म्हणजे २०० लिटरच्या टाकीला सुमारे ७ किलो. हे मीठ स्वयंपाकघरातले नव्हे, समुद्राचे सर्व क्षार असलेले तयार मिश्रण घ्यावयाचे. आमचे विंधनविहिरीचे पाणी जड. त्यात ते कालवू नये, आर.ओ.चे पाणी वापरावे. टाकीचे पाणी २६ अंशांच्या आसपास राहावे असे पुस्तक म्हणते. आमच्या जळगाव-धुळ्याचा वैशाख ४४-४५ अंशांचा. पंखा लावला तर बाष्पीभवनाने पाणी दोनतीन अंश उतरते, परंतु पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते, म्हणून संध्याकाळी जेवढे उडाले तेवढे गोडे पाणी भरावे, खारे नव्हे. ऊन पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि वीज नेमकी त्याच दुपारी जाते. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आधी घ्यावा, मासा नंतर.

एक कलम तर कोणत्याच परदेशी पुस्तकात असणार नाही. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली कठीण प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या घालण्यात आल्या. परदेशी लेखक ज्या पोवळ्यांच्या बागेची वर्णने करतात ती आपल्या समुद्रातून उचलणे हा गुन्हा आहे. वाघाला जो कायदा तोच पोवळ्याला. डेव्हनची कुंडे उजाड झाली तेव्हा असा कायदा नव्हता. मालवणच्या समुद्रात, १९८७ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या टापूत, आपलीही पोवळी आहेत, आणि ती तेथेच असलेली बरी. खडक मातीचा भाजलेला घ्यावा. मासा समुद्रातून धरलेला न घेता पैदास केंद्रातला घ्यावा. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास करून दाखविली आहे, आणि नवशिक्याला तोच सोपा.

माघात पुस्तक आणि वही घेऊन मी धुळ्यास गेलो. वाचण्यापूर्वी मी नानांना त्या मँडरिन माशाविषयी सांगावे की नाही याचा निर्णय एस.टी.त होईना. सांगितले नाही. नाना दुपारभर वाचीत होते, खात्याचे अहवाल वाचीत तसे, हातात पेन्सिल घेऊन. मध्येच त्यांनी मान वर केली.

“बापू, हा फडच आहे रे!”

पांझरेच्या खोऱ्यातली फडपद्धती शेतीशी संबंध असलेल्या खानदेशी माणसाला सांगावी लागत नाही. बंधाऱ्याच्या पाण्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात एकच पीक, आणि यंदा किती फड भिजवावयाचे ते नदीत पाणी किती यावरून ठरावयाचे. आधी पाणी मोजावे आणि मग पेरावे. पेरून मग पाण्याकडे पाहणाऱ्याला पाटकरी उभा करीत नाही. माझ्या दहाबारा पुस्तकांच्या तपासणीतून जे निघाले ते नानांनी आपल्या खात्याच्या एका शब्दात सांगून टाकले.

रात्री ते झोपल्यावर मी पुस्तक उघडले. समासात जागोजाग आकडे होते. मँडरिनविषयीच्या मजकुराशेजारी आकडा नव्हता. बारीक, सरळ, इंजिनिअरी अक्षरांत दोनच शब्द होते: ‘आणावयाचा नाही.’ खाली रेघ ओढलेली होती. ती दोनदा गिरविलेली होती.

फाल्गुनात टाकी आली, पाणी आले, मीठ आले, भाजलेले खडक आले. सहा आठवडे पुरे झाले, अमोनिया शून्यावर आला, नायट्राइट शून्यावर आले. तरी नानांनी मासा आणला नाही. उन्हाळ्यात पाणी कोठवर तापते ते एक वैशाखभर पाहून घ्यावे, धरणाला पहिला पूर रिकाम्या पोटी झेलू द्यावा, असा त्यांचा हिशेब होता. हे फेनरच्या पुस्तकात नव्हते. रोज सकाळी सात आणि दुपारी तीन, दोन वेळा तापमान आणि विशिष्ट गुरुत्व. प्रत्येक रविवारी ते आकडे मला टेलिफोनवर ऐकविले जात, आणि ते ऐकविताना नानांच्या आवाजाला पूर्वीची नोकरीतली धार येई. रविवारी ते मला काय बोलावे असा प्रश्न पडेनासा झाला.

ज्येष्ठात मी गेलो होतो तेव्हाची गोष्ट. दिवेलागणीची वेळ होती. टाकीत निळसर उजेड होता, पंखा फिरत होता, पाण्याखेरीज काही हलत नव्हते. जीवाणूंची उपासमार होऊ नये म्हणून नानांनी चिमूटभर माशांचे अन्न पाण्यावर भुरभुरले. कामाची बाई केरसुणी हातात धरून पाहात उभी होती. शेवटी तिला राहवेना.

“मासा ते नही, मंग दाना कोनले टाकतस नाना?”

“पाण्याला,” नाना म्हणाले.

कानबाईला नदीवर पोहोचविणाऱ्या खानदेशातली ती बाई. तिला या उत्तरात काही वावगे दिसले नाही. मान हलवून ती केर काढू लागली, आणि नानांनी वहीत वेळ लिहिली.